बंदुकीच्या तिजोरीतलं पाणी

अमेरिकन बनावटीची बंदुकीची तिजोरी मधोमध कापली, तर दोन पत्र्यांच्या मध्ये जे निघेल ते पाहून पुण्या-ठाण्यातला कुठलाही इंटिरिअरवाला हसेल. तिथे असतो जिप्सम बोर्ड. हॉलच्या फॉल्स सीलिंगला लागतो तोच, दोन्ही बाजूंनी कागद चिकटवलेला पांढरा ठिसूळ थर. फार तर काचतंतू मिसळलेला, आगीत जरा जास्त वेळ टिकणारा प्रकार. तिजोरीच्या किमतीत दोन-तीन खोल्यांचं सीलिंग आरामात होईल, पण माल तोच.

आणि या मालात पाणी असतं. ओल लागून मुरलेलं नव्हे, तर स्फटिकाच्या घडणीतच बसलेलं. शुद्ध जिप्समच्या वजनाचा जवळपास २१ टक्के भाग पाणी असतो. म्हणजे १० किलो जिप्सममागे २ लिटर. हाताला कोरडा ठणठणीत लागणारा हा दगड तापला की वाफ सोडतो. बंदूक ही पोलादी वस्तू, तिचा जन्माचा वैरी गंज. मग तिच्या घराच्या भिंतीत बादलीभर पाणी कोणी आणि का भरून ठेवलं? बंदुकीच्या तिजोरीची सगळी कुळकथा या एका प्रश्नाभोवती फिरते.

या तिजोरीचा मूळपुरुष म्हणून पहिलं नाव पुढे येतं ते शस्त्रागाराचं. आपल्याकडचा सिलेखाना, लष्करातली ‘कोत’, किल्ल्यावरची हत्यारांची कोठी: या सगळ्यांचं घरगुती पिल्लू म्हणजे बंदुकीची तिजोरी. दिसायला ही वंशावळ सरळ आहे, पण ती टिकत नाही. शस्त्रागाराची खरी सुरक्षा दारात उभ्या असलेल्या पहारेकऱ्यात आणि नोंदवहीत असते. भिंत आणि कुलूप त्यानंतर. शिवकालीन घोडदळात बारगिराला घोडा आणि हत्यारं सरकारातून मिळत, तर शिलेदार स्वतःचं घोडं-हत्यार घेऊन चाकरीला येई. घरात हत्यार सांभाळायची चिंता पडायची ती शिलेदाराला. त्याची सोय माणसांनी भरलेला वाडा हीच असणार; तिजोरीची गरज पडते ती घर दिवसभर रिकामं राहू लागल्यावर.

दुसरा दावेदार आहे काचेच्या दाराचं लाकडी कपाट. इंग्लंड-अमेरिकेत शिकारीच्या बंदुका त्यात रांगेने उभ्या दिसत. बंदुका उभ्या ठेवायच्या, नळीला खाच आणि दस्त्याला बैठक द्यायची, ही आतली मांडणी आजच्या तिजोरीने तिथूनच उचलली आहे, हे मान्य करायलाच हवं. पण ते कपाट होतं मिरवण्यासाठी. काच फोडायला दगडसुद्धा लागत नाही.

भिंत, दार, कुलूप आणि जाहिरातीतली भाषा पाहिली, तर ही वस्तू थेट पेढीवरच्या कागदपत्रांच्या तिजोरीच्या पोटी जन्मलेली आहे. पुरावा म्हणून एकच आकडा पुरेसा आहे. अमेरिकेत आगरोधक तिजोरीची कसोटी घेताना आतलं तापमान १७७ अंश सेल्सिअसच्या खाली राहिलं पाहिजे, अशी अट असते. फॅरनहाइटमध्ये ही मर्यादा ३५०. ती ठरली कागदावरून, कारण त्याच्या थोडं पुढे गेलं की कागद करपू लागतो. बंदुकीच्या पोलादाला १७७ अंशांचं काहीच सोयरसुतक नाही. तरीही बंदुकीच्या तिजोऱ्यांची माहितीपत्रकं हाच आकडा अभिमानाने छापतात. बापाचं नाक मुलाच्या चेहऱ्यावर दिसावं, तसा हा प्रकार.

कागदाच्या तिजोरीत पाणी शिरलं कसं, यासाठी १८३५ च्या डिसेंबरमधल्या न्यूयॉर्कला जावं लागतं. वॉल स्ट्रीटच्या परिसरात आग लागली तेव्हा थंडी अशी होती की बंबवाल्यांच्या नळ्यांतलं पाणी गोठत होतं. शेकडो इमारती गेल्या. लोखंडी पेटी चोराला अडवते, आगीला नाही. उलट लोखंड उष्णता झटकन आत पोचवतं आणि आतल्या हुंड्या, खतावण्या भट्टीत घातल्यासारख्या भाजून निघतात. त्यानंतरच्या वर्षी डॅनिअल फिट्झजेराल्ड नावाच्या माणसाने पेटंटसाठी अर्ज केला. कल्पना साधी होती: एका लोखंडी पेटीत दुसरी पेटी ठेवायची आणि मधल्या पोकळीत प्लास्टर ऑफ पॅरिस भरायचं. पेटंट हाती पडायला १८४३ उजाडलं. हक्क वाइल्डर घराण्याकडे गेले, सायलस हेरिंगने तिजोऱ्या बाजारात आणल्या आणि नाव पडलं ‘सॅलमँडर’. आगीत राहूनही न जळणारा सरडा, अशी या प्राण्याची युरोपात जुनी ख्याती. खरा सॅलमँडर बिचारा ओलाव्यात राहणारा प्राणी आहे, आणि तिजोरीचं रहस्यही ओलावाच असल्यामुळे हे नाव कोणाच्या ध्यानीमनी नसताना दुहेरी अर्थाने चपखल बसलं.

प्लास्टरचं काम चालतं ते असं. पाण्यात कालवून घट्ट झालेलं प्लास्टर पुन्हा जिप्समच बनतं, पाणी स्फटिकात अडकवून बसतं. बाहेर आग लागली की भिंतीतलं पाणी वाफ होऊन निघू लागतं आणि येणारी बरीचशी उष्णता या कामी खर्च होते. पाणी संपेपर्यंत आतला भाग उकळत्या पाण्याच्या आसपासच्या तापमानाला अडून राहतो. काही वाफ आतही शिरते, पण ओला झालेला कागद वाचता येतो, राख वाचता येत नाही.

आता खरा वाद. हे सुचलं पहिल्यांदा कोणाला? गेलर नावाच्या प्रतिस्पर्ध्यावर वाइल्डरने पेटंट मोडल्याचा दावा लावला आणि प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. बचावात एक विलक्षण साक्ष पुढे आली. न्यूयॉर्कमध्ये छपाईचे ठसे ओतणाऱ्या जेम्स कॉनरने १८२९ ते १८३२ च्या दरम्यान, म्हणजे फिट्झजेराल्डच्या अर्जाच्या काही वर्षं आधी, लोखंडी पेट्यांच्या पोकळीत प्लास्टर भरून स्वतःच्या कचेरीसाठी तिजोरी केली होती. १८३८ पर्यंत ती वापरात होती, कारखान्यातल्या लोकांना ठाऊक होती. पुढे ती दुसऱ्याच्या हाती गेली. कॉनरने तिची आगीत परीक्षा घेतली नाही, दुसरी बनवली नाही, कोणाला विकायचा विचारही केला नाही.

१८५० मध्ये निकाल लागला तो फिट्झजेराल्डच्या बाजूने. सरन्यायाधीश टॅनी यांचं म्हणणं असं, की कॉनरची युक्ती जर त्याच्याबरोबर विसरली गेली असेल, तर ती जगाला नव्याने देणारा माणूस कायद्याच्या नजरेत पहिलाच शोधक. हरवलेली विद्या पुन्हा शोधून काढणाऱ्याला मान मिळावा, असा युक्तिवाद. काही न्यायमूर्तींना हे मुळीच पटलं नाही, त्यांनी विरोधी मत नोंदवलं. आणि खरं सांगायचं तर त्यांचं पारडं जड वाटतं. कारखान्यातल्या माणसांच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं उभी असलेली तिजोरी ‘हरवलेली’ कशी? पण पेटंटच्या कायद्यात गेलर विरुद्ध वाइल्डर हा खटला आजही शिकवला जातो, आणि कॉनर मात्र तळटीपेतच राहिला. कॉनरकडे प्लास्टर आलं कुठून, याचा अंदाज बांधणं अवघड नाही. ठसे ओतण्याच्या त्या धंद्यात जुळवलेल्या मजकुराचा साचा प्लास्टरचाच घेत आणि त्यात वितळलेला धातू ओतत. प्लास्टर उष्णतेपुढे कसं वागतं, हे त्याला रोजच्या कामातून कळत होतं. हा तर्क बरोबर असेल, तर बंदुकीच्या तिजोरीची आजी छापखान्यात जन्मली.

इंग्रज हे श्रेय अमेरिकेला सुखासुखी देत नाहीत. लिव्हरपूलच्या थॉमस मिल्नरने १८४० मध्येच आगरोधक तिजोरीचं पेटंट घेतलं होतं. त्यात भिंतीच्या पोकळीत क्षारांच्या द्रावणाच्या बंद नळ्या होत्या. आगीत त्या फुटायच्या आणि भिंत भिजायची. पुढे या घराण्यातल्या तिजोऱ्यांमध्ये भर आली ती तुरटीची. न्हाव्याच्या दुकानात दाढीनंतर फिरवतात ती तुरटी वजनाच्या जवळपास ४५ टक्के पाणी बाळगते. पाणी साठवण्यात जिप्समच्या दुप्पट. तारखेच्या शर्यतीत मिल्नर पेटंटपुरता पुढे, तर अर्जाच्या आणि प्रत्यक्ष वापराच्या हिशोबात अमेरिकन पुढे. पण दोघांनीही एकच गोष्ट ओळखली होती: आगीपासून वाचायचं तर भिंतीत पाणी लपवायचं. बंदुकीच्या तिजोरीपर्यंत पोचलं ते मात्र अमेरिकन जिप्सम.

त्याचं दुखणंही तेव्हाच उघड झालं होतं. प्लास्टरच्या तिजोऱ्या आतून दमट राहत, कागदांना बुरशी धरे, लोखंड आतल्या बाजूने गंजे. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी याच मुद्द्यावर धंदा केला. ‘तुरटी आणि कोरडं प्लास्टर’ अशी जाहिरात करणारी मार्विनची तिजोरी त्यातलीच.

पुढचे टप्पे थोडक्यात असे. येलची पिनांची कुलपं आली, सार्जंटचं वेळेवर उघडणारं कुलूप आलं. १८९४ मध्ये ऑगस्टीन सॅकेटने प्लास्टर आणि कागदाच्या थरांच्या फळीचं पेटंट घेतलं आणि ओतायचं प्लास्टर कापायच्या बोर्डावर आलं. मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपं आणि १९०२ मध्ये तिजोऱ्या करायला घेतल्या. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट होऊन आगीचं तांडव झालं, तेव्हा आपल्या तिजोऱ्यांतला ऐवज शाबूत निघाला, असं कंपनी आजही सांगते. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत, विशेषतः युटा राज्यातल्या कारखान्यांत, या कागदी घराण्याच्या तिजोरीला उंच अंग आणि आत नळ्यांच्या खाचा मिळाल्या.

मात्र घराण्याचं सगळंच वारशात आलं नाही. बँकेच्या तिजोरीचा जाड पत्रा वाटेत गळाला. अमेरिकेत बहुसंख्य बंदूक-तिजोऱ्यांना जो शिक्का मिळतो, त्याचा अर्थ एवढाच, की हातोडा, पहार, स्क्रूड्रायव्हर अशी हाती चालणारी हत्यारं घेतलेल्या एका माणसापुढे दार पाच मिनिटं टिकलं. विद्युत ग्राइंडर आणला तर हिशोब बदलतो. म्हणजे ग्राहक आगीसाठी पैसे मोजतो, चोरापासून पाच मिनिटं विकत घेतो आणि गंज फुकट मिळवतो.

कोकणात हा सौदा अधिकच महाग पडतो. पीक संरक्षणाच्या परवान्यावर ठेवलेली ठासणीची बंदूक आधीच गंजाच्या माहेरची. तिच्या काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढून घेते. बार टाकल्यावर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुऊन, सुकवून, तेल फिरवलं नाही तर आतून तांबूस खवले दिसू लागतात. जून ते सप्टेंबर हवेतलं दमटपण ८० टक्क्यांच्या वर असताना अशी बंदूक जिप्समच्या भिंतीत कोंडणं म्हणजे गंजाला आवतण. चामड्याच्या म्यानात ठेवणं त्याहून वाईट, कारण चामडं ओल आणि कमावणीचे क्षार दोन्ही धरून ठेवतं. अशा घरात आगीचा शिक्का नसलेलं साधं पोलादी कपाट सरस ठरतं: काँक्रीटला अँकर बोल्टने आतून आवळलेलं, सिलिका जेलची पुडी ठेवलेलं, दारूगोळ्याला वेगळ्या कुलपाचा कप्पा असलेलं. कपडे-दागिन्यांचं नेहमीचं स्टीलचं कपाट या कामाचं नाही. त्याचा पत्रा पातळ आणि किल्ली घरातल्या सगळ्यांना माहीत.

हा शेवटचा मुद्दा आगीपेक्षा आणि चोरापेक्षाही मोठा आहे. २००५ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या ‘जामा’ या नियतकालिकात डेव्हिड ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. बंदूक कुलपात, रिकामी, आणि काडतुसं वेगळी व कुलपात, या चारही सवयींचा संबंध मुलांच्या हातून होणारे अपघात आणि आत्महत्या कमी असण्याशी दिसला. चारही गोष्टींत जिप्सम कुठेच नाही.

ब्रिटनने कपाटाचा रस्ता धरला. तिथे १९९२ पासून बंदुकीच्या कपाटासाठी स्वतंत्र मानक आहे, साधारण २ मिलिमीटर पत्र्याचं, आगीबद्दल काहीही न मागणारं. जर्मनीने मात्र पेढीचं घराणं पुन्हा उजळवलं. २००९ मध्ये विनेंडेनच्या शाळेतल्या हत्याकांडात मुलाने वापरलेलं पिस्तूल वडिलांच्या शयनगृहात कुलपाबाहेर होतं. त्यानंतर घरी अचानक तपासणी करण्याचे अधिकार आले आणि २०१७ पासून नव्याने घ्यायच्या साठवणीला बँकांच्या तिजोऱ्यांसाठी असलेल्या युरोपीय मानकाची किमान ‘शून्य’ श्रेणी लागू झाली.

त्यातून एक नवाच पेच निघाला. जर्मनीतला एक शिकारी सुटीवर गेला असताना घर फोडलं गेलं. बंदुकांच्या तिजोरीची किल्ली त्याने बेपर्वाईने सोडलेली नव्हती. ती साधारण ४० किलो वजनाच्या, अंकांच्या कुलपाच्या पोलादी पेटीत होती. चोरांनी ती पेटी फोडली, किल्ली घेतली आणि बंदुका नेल्या. म्यून्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं, की किल्लीही बंदुकांच्या तिजोरीच्याच दर्जाच्या पेटीत हवी. हे आधी स्पष्ट नसल्याने त्या शिकाऱ्याचे परवाने वाचले. मग त्या दुसऱ्या तिजोरीची किल्ली ठेवायची कुठे, असा प्रश्न तिथल्या शिकाऱ्यांना पडला, आणि अनेकांनी किल्लीची कुलपं काढून आकड्यांची बसवून घ्यायला सुरुवात केली.