व्हिडिओ खेळांतील स्तररचना
व्हिडिओ खेळाचा एकेक टप्पा म्हणजे स्तर. खेळाडूनेच तो रचून इतरांस देण्याची सोय ‘लोड रनर’ (१९८३) या अमेरिकन खेळात आढळते. डग्लस स्मिथ यांच्या या खेळात १५० तयार स्तरांखेरीज शिड्या, विटा व पहारेकरी मांडण्याचे साधनही होते; नवे स्तर फ्लॉपी तबकडीवर साठवून हातोहात देता येत. ‘डूम’मध्ये (१९९३) स्तरांची सामग्री मूळ आज्ञावलीपासून वेगळी ठेवल्याने खेळाडूंनी रचनेची साधनेही स्वतःच बनविली. निन्टेन्डोच्या ‘सुपर मारिओ मेकर’मध्ये (२०१५) स्तर प्रसृत करण्यापूर्वी रचनाकाराला तो स्वतः पार करून दाखवावा लागे. मात्र हे स्तर कंपनीच्या सर्व्हरवरून मिळत. एप्रिल २०२४ मध्ये ती सेवा थांबली आणि आपल्या यंत्रावर आधी उतरवून न घेतलेले स्तर तेथून मिळेनासे झाले. तबकडीवरील स्तर निदान रचणाऱ्याच्या हाती राहत असे.