पाऊस तुरळक नव्हता, ठिकाणं तुरळक होती

पोस्ट मोठी आहे. पण सोयाबीन काढणीचे दिवस आलेत, म्हणून आजच लिहितोय. सवडीनं वाचा.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या द्यायचो. ऑक्टोबरात हवामान खात्याचं पत्रक आलं, ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता’. जागा कमी होती. मी मथळा करून पाठवला, ‘जिल्ह्यात तुरळक पाऊस’. शेजारच्या गावातल्या एका काकांनी तो वाचला आणि सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकली नाही. त्या रात्री पाऊस असा कोसळला की नाल्याचं पाणी रस्त्यावर आलं. चार दिवसांत गंजीला कोंब फुटले. काका भांडले नाहीत. मूठभर कोंब आलेल्या शेंगा माझ्या टेबलावर ठेवल्या आणि निघून गेले.

चूक माझीच. पण त्यानंतर मी हा शब्द शोधत बसलो. खात्याच्या भाषेत ‘तुरळक’ हे पावसाचं विशेषण नाहीच. विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस पडणार असेल तर ‘तुरळक ठिकाणी’. त्यापुढं ५० टक्क्यांपर्यंत ‘काही ठिकाणी’, मग ‘बऱ्याच ठिकाणी’ वगैरे. आणि पाऊस किती, ते वेगळं. २४ तासांत ६४.५ मिलीमीटरच्या पुढं गेला की तो मुसळधार. म्हणजे त्या वाक्यात दोन मापं होती आणि मी एकाला दुसऱ्याची टोपी घातली. मी तर पत्रकारितेची पदविका घेतलेला माणूस. पारावर बसून मोबाईल बघणाऱ्यानं काय करायचं?

गंमत म्हणजे सरकारी विज्ञानाला लोकांशी नेमकं बोलता येत नव्हतं, असं अजिबात नाही. ऑक्टोबर १८६४ मध्ये कलकत्त्याला भीषण चक्रीवादळ झालं, हजारो माणसं गेली. पुढच्याच वर्षी त्या बंदरासाठी वादळाच्या इशाऱ्याची व्यवस्था उभी राहिली. मग बंदराबंदरांत खुणा आल्या. दिवसा खांबावर शंकू आणि नळकांडी, रात्री लाल-पांढरे दिवे. कोकणात आजही ‘तीन नंबरचा बावटा लागला’ एवढं म्हटलं की पुरतं. होडी बाहेर काढायची नाही. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही कळतं. माझ्या मते आपल्याकडची पहिली परिणामकारक पोस्ट ती हीच.

हवामान खातं स्थापन झालं १८७५ साली. मागं वादळ होतं, तसे पावसानं दगा दिल्यानं पडलेले दुष्काळही होते. हेन्री ब्लॅनफर्ड पहिले प्रमुख. हिमालयातल्या बर्फावरून त्यांनी मान्सूनचा अंदाज बांधायला सुरुवात केली, १८८६ पासून तो नियमित झाला. पण तो अंदाज वाचायचा कोणी? साहेबानं. वाचक इंग्रजी जाणणारा अधिकारी, म्हणून भाषाही अहवालाची. १९२८ मध्ये मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या ‘सिमला ऑफिस’चं नाव त्यावरूनच, बरं का. १९३२ ला तिथं शेतीचा वेगळा विभाग झाला आणि १९४५ ला रेडिओवर शेतकऱ्यांसाठी हवामानाची बातमीपत्रं सुरू झाली. माध्यम गावात पोचलं. वाक्य मात्र बरंचसं साहेबाचंच राहिलं.

मग मोबाईल आला आणि हे उघडं पडलं. २०१७ चा जुलै आठवा. खात्यानं देशात सरासरीच्या ९८ टक्के पाऊस सांगितला होता. इकडं पेरण्या करपल्या, तेव्हा माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलीस ठाण्यात थेट हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. बऱ्याच जणांनी त्याची टिंगल केली. हंगाम संपल्यावर देशाचा आकडा निघाला ९५ टक्के. आता सांगा, खातं फार चुकलं का? नाही. शेतकरी चुकले का? तेही नाही. सरासरी देशाची होती आणि बियाणं ज्याच्या त्याच्या वावरात पडलं होतं. ‘हा अंदाज तुमच्या तालुक्याचा नाही, यावर पेरणी ठरवू नका’ एवढी एक ओळ ठळक अक्षरांत असती तर?

ही मोकळी जागा खासगी अंदाजवाल्यांनी भरली. त्यांचे मेसेज आमच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतात. तारीख, जिल्ह्याचं नाव, ‘काढलेलं सोयाबीन झाकून घ्या’. शास्त्र किती, ते सोडा. छातीठोक बोलणं मला पटत नाही, कारण आभाळ असं छातीठोक नसतं. पण भाषा त्यांना जमली, हे मान्य करावंच लागेल. खात्यातही जमणारे होतेच. पुण्याचे के. एस. होसाळीकर ट्विटरवर रडारचं चित्र टाकून पुढच्या तीन-चार तासांत कुठं पाऊस येतोय ते दोन ओळीत सांगायचे. लोक त्यांच्या पोस्टची वाट बघायचे.

बाकी कृषी विद्यापीठांचे हवामान सल्ले मंगळवारी आणि शुक्रवारी निघतात. चांगले असतात. पण पानंच्या पानं पीडीएफ, आणि कामाची ओळ आत कुठंतरी.

म्हणून मी आता गावाच्या ग्रुपवर पत्रक जसंच्या तसं टाकत नाही. खात्याचं वाक्य असतं, ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह मुसळधार पाऊस, यलो अलर्ट’. मी लिहितो, ‘उद्या जिल्ह्यात चारातल्या फार तर एका गावात जोराचा पाऊस. ते गाव कोणतं, हे आज कोणालाच सांगता येत नाही. गंजी झाका. विजा चमकायला लागल्या तर झाडाखाली थांबू नका. उद्या संध्याकाळी पुन्हा सांगतो.’ खाली खात्याच्या मूळ पत्रकाचा फोटो जोडतो, म्हणजे माझं चुकलं तर लोकांना पकडता येईल.

काका ग्रुपवर आहेत. परवा त्यांनी पोस्टखाली एवढंच लिहिलं, ‘ताडपत्री टाकली. पाऊस काय आला नाही.’ आणि पुढं हसणारं तोंड.