तंजावरचे छत्र आणि विद्यार्थ्याचा जमाखर्च

मुलाच्या उच्च शिक्षणाचा जमाखर्च मांडताना आम्ही पहिला आकडा फीचा लिहितो. परंतु परगावच्या विद्यार्थ्याचा खरा भार भोजन-निवासाचा असतो. तंजावरच्या मराठ्यांनी हे ओळखले होते. सरफोजीराजांनी (१७९८-१८३२) ओरत्तनाडू येथे उभारलेल्या मुक्तांबा छत्रात यात्रेकरूंप्रमाणे विद्यार्थ्यांनाही अन्न मिळे, आणि विद्याही. मद्रास विद्यापीठ त्यानंतरचे, १८५७ सालचे. त्याच जाणिवेने २०२२ साली तमिळनाडू शासनाने सरकारी शाळांतून महाविद्यालयात आलेल्या मुलींना दरमहा १००० रुपये देणे सुरू केले. तरीही खोलीभाडे व खानावळ यांची तोंडमिळवणी पालकांना जडच जाते. आमच्या सुवर्णमहोत्सवी निधीतून दोन-चार विद्यार्थ्यांच्या भोजनाची सोय झाली, तर तो वारसा आम्ही चालविला, असे म्हणता येईल.