वाशीमच्या ओसरीवर लिंगोबाचा डोंगर

सन 1978, मृग नक्षत्र. पूर्णेकडे जाणारी मीटरगेज गाडी तुम्हाला वाशीमला उतरवते. जिल्हा अजून अकोला. वाशीमचा स्वतंत्र जिल्हा व्हायला वीस वर्षं आहेत. पहिला पाऊस पडून गेलाय आणि बोलणं चाललंय ते कपाशीचं, ज्वारीचं. बालाजी मंदिराजवळच्या गल्लीत एका धाब्याच्या घरी माणसं जमली आहेत. चपला काढा, ओसरीवर बसा.

वीज गेलीय, पण अडत नाही. रेकॉर्ड प्लेअर सेलवरही चालतो आणि मंदावलेले सेल दिवसभर धाब्यावर उन्हात तापवून ठेवलेत. मुंबईहून आलेला पुतण्या काळी तबकडी कडांना धरून बाहेर काढतो: ‘जैत रे जैत’. जमलेल्यांपैकी कुणीच हा सिनेमा पाहिलेला नाही.

सुई टेकते. थोडी खरखर, मग ढोल. तुम्ही नायक-नायिकेच्या गाण्याची वाट पाहत असता, पण रवींद्र साठ्यांचा मोकळा आवाज सगळ्या ठाकरवाडीलाच समोर आणून बसवतो. आशा भोसले गायला लागतात तेव्हा शेजारी शेंगा सोलणारे हात थांबतात. एरवी गाणं आलं की गोष्ट थांबते. जब्बार पटेलांच्या या चित्रपटात गाणंच गोष्ट पुढे नेतं. हृदयनाथ मंगेशकरांनी ठाकरांचा ठेका धरून चाली बांधल्यात. राणीमाशीनं डोळा घेतला म्हणून लिंगोबाच्या डोंगरावर सूड उगवायला निघालेला नाग्या आणि त्याच्यावर जीव लावणारी चिंधी. पडद्यावरचे मोहन आगाशे, स्मिता पाटील इथं नाहीत. तुम्हाला कानांनीच डोंगर चढावा लागतो.

“हे ठाकर कुठचे गा?” आजोबा विचारतात.

“तिकडं पनवेल-कर्जतकडचे.”

“मंग बोली आपल्या वावरातली काऊन वाटून रायली?”

प्रश्न बरोबर जागी लागतो. शब्द ना. धों. महानोरांचे, अजिंठ्याजवळच्या पळसखेड्यात स्वतः शेती करणाऱ्या कवीचे. मूळ कादंबरी गो. नी. दांडेकरांची, आणि त्यांचा जन्म परतवाड्याचा. डोंगर सह्याद्रीतला, पण कोरडवाहू रानातला माणूस या तबकडीला परका नाही.

सेल दमतात, आवाज जडावतो. पुतण्या दुसरे सेल घालून बाजू पलटतो. तोवर वाद रंगतो. एकाचा लिंगोबा काळाभोर कातळ आहे, दुसऱ्याचा सागवानानं भरलेला. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण ओसरीवर त्याचं वजन पडणार नाही.

“अकोल्याले लागला का, समदे जाऊ,” एक पोरगा म्हणतो.

आजी शेंगांचं सूप पुढं ओढते. “जा बापा. माही चिंधी मी पायली.”