ठिणगीची वेळ, शिसे आणि अल्कोहोल

‘अल्कोहोल’ हा शब्द अरबी आहे असे वर्गात सांगितले की मुले एकमेकांकडे बघून हसतात. पण या शब्दाचा दारूशी मुळात काही संबंध नव्हता. ‘अल-कुह्ल’ म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा, दगड कुटून आणि खलून केलेली बारीक भुकटी. युरोपातल्या किमयागारांनी हा शब्द उचलला. आधी तो कोणत्याही बारीक भुकटीला लावला गेला, मग कोणत्याही पदार्थाच्या अर्काला. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने तो मद्याच्या अर्काला जोडला आणि पुढे तिथेच चिकटला. सुरम्याचा दगड कधी अँटिमनीचा असे, पण पुष्कळदा तो गॅलेना, म्हणजे शिशाचे खनिज असे. मोटारीच्या इतिहासात शिसे आणि अल्कोहोल पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा जिंकले ते शिसे.

भांडण होते ठिणगीच्या वेळेवरून. पेट्रोल इंजिनात प्लगची ठिणगी पिस्टन टोकाला पोहोचायच्या आधीच पडते, कारण वायू पेटून पूर्ण दाब तयार व्हायला वेळ लागतो. मिनिटाला 3000 फेरे घेणारा क्रँक सेकंदाच्या हजाराव्या भागात 18 अंश फिरतो, म्हणून ठिणगी काही अंश आधी टाकावी लागते. 1908 च्या फोर्ड मॉडेल टी गाडीत हे काम चालकाच्या हातात होते. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला त्यासाठी एक दांडी असे. हँडल मारताना ती ‘मागे’ ठेवायला विसरले तर हँडल उलटे फिरून मनगट मोडे.

ठिणगी फार लवकर पडली किंवा दाब फार वाढला, की दुसरे संकट येते. ज्योत पोहोचायच्या आधीच कोपऱ्यात उरलेला वायू दाबाने आणि उष्णतेने एकदम आपोआप पेटतो. इंजिनातून ठक-ठक ऐकू येते. आपले मिस्त्री याला नॉकिंग म्हणतात. फार काळ चालले तर पिस्टनला भोक पडते. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी दाब कमी-जास्त करता येणारे खास इंजिन बांधून दाखवून दिले, की इंजिनाची मर्यादा बऱ्याच अंशी इंधन ठरवते. अल्कोहोल या परीक्षेत फार वरच्या नंबराने पास होत होते.

हे अमेरिकेत माहीत नव्हते असे नाही. जनरल मोटर्सचे थॉमस मिजली ऑक्टोबर 1921 मध्ये 30 टक्के अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलवर, जास्त दाबाच्या इंजिनाची गाडी घेऊन डेटनहून इंडियानापोलिसला अभियंत्यांच्या सभेला गेले होते. पण दोन महिन्यांच्या आत, 9 डिसेंबर 1921 रोजी, त्यांच्याच प्रयोगशाळेत टेट्राएथिल लेड सापडले. चिमूटभर घातले की नॉकिंग बंद. त्याचे पेटंट घेता येत होते. शेतकऱ्याच्या मक्यापासून किंवा उसापासून होणाऱ्या अल्कोहोलवर कोणाची मक्तेदारी बसणार? माझ्या मते निकाल इथेच लागला, प्रयोगशाळेत नव्हे. फेब्रुवारी 1923 मध्ये डेटनच्या पंपावर ते विकायला आले. नाव ठेवले ‘एथिल’. ‘लेड’ हा शब्द नावातून गायब.

शिसे विषारी आहे हे वैद्यांना शतकानुशतके ठाऊक होते. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हेच रसायन बनवणारे पाच कामगार भ्रम होऊन, तडफडून मेले. त्यानंतर मिजली यांनी पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांवर ओतून दाखवले. स्वतः त्यांना आदल्याच वर्षी शिशाच्या बाधेमुळे रजा घ्यावी लागली होती. पुढे पन्नास वर्षांहून अधिक काळ जगभरच्या शहरांत मुले हे शिसे श्वासातून घेत राहिली. मुलांच्या मेंदूवर त्याचा काय परिणाम होतो, हे शिक्षकाला वेगळे सांगायला नको.

अल्कोहोल परत आले ते टर्बोच्या मागच्या दाराने. टर्बो इंजिनात हवा कोंबतो, त्यामुळे दाब आणि तापमान दोन्ही वाढतात आणि नॉकिंग लवकर येते. 1962 च्या ओल्डस्मोबिल जेटफायरमध्ये यावर उपाय म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारले जाई. मालक ती टाकी भरायलाच विसरत. मग गाडीची ताकद कमी होई आणि तक्रारी सुरू. दोनच वर्षांत ते मॉडेल बंद झाले.

स्वीडनच्या साबने 99 टर्बो 1977 मध्ये आणली. पुढे नॉकिंग ऐकणारा सेन्सर लावून टर्बोचा दाब आपोआप आवरायची सोय केली. 2005 मध्ये त्यांची 9-5 बायोपॉवर आली. पेट्रोलवर 150 अश्वशक्ती, E85 वर 180. इंजिन तेच. संगणक मिश्रण ओळखून टर्बोचा दाब वाढवी आणि ठिणगी आधी टाकी. इथेनॉल वाफ होताना पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषते, आतली हवा गार होते आणि नॉकिंग लांब जाते.

पण इथे ट्यूनिंग करणाऱ्यासाठी एक सापळा आहे. पेट्रोलवर त्याला ठक-ठक थांबवते. इथेनॉलवर हा पहारेकरी बहुधा झोपलेला असतो. आवाज येत नाही म्हणून टायमिंग पुढे पुढे नेत राहिले, तर पिस्टन वर चढत असतानाच दाब शिखर गाठतो, ताकद घटते आणि कनेक्टिंग रॉडवर ताण येतो. म्हणून डायनोवर एकेक अंश वाढवत टॉर्क बघायचा. तो वाढायचा थांबला की अंश-दोन अंश मागे यायचे. त्याआधी इंधनपंप आणि इंजेक्टर तपासायचे, कारण E85 पेट्रोलपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहूनही जास्त लागते. भर दाबात इंधन कमी पडले तर कोणतेही टायमिंग इंजिन वाचवत नाही. पंपावरचे मिश्रणही सारखे नसते. थंड देशांत हिवाळ्यात इथेनॉलचे प्रमाण कमी ठेवतात. म्हणून मिश्रण मोजणारा सेन्सर हवा.

भारतात शिसेयुक्त पेट्रोल 1 फेब्रुवारी 2000 पासून बंद झाले. आता आपल्याच उसाचे इथेनॉल E20 म्हणून टाकीत येते आणि चहाच्या टपरीवर ॲव्हरेज घटल्याची तक्रार ऐकू येते. तक्रार खोटी नाही. लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमीच आहे. नॉकिंग सोसण्याची जी ताकद त्या बदल्यात मिळते, ती वापरायला दाब आणि टायमिंग त्या हिशेबाने बसवलेले इंजिन लागते, आणि रस्त्यावरच्या बहुतेक जुन्या गाड्यांत ते नाही.

पंपावर शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया होता. तिथे ते जुलै 2021 मध्ये संपले.