एका शिलिंगात उघडलेलं फाटक

मागच्या महिन्यात आम्ही घरची मंडळी, सासूबाई आणि दोन्ही पोरांसकट, एक खासगी बाग बघायला गेलो होतो. माणशी पन्नास रुपये तिकीट. सासूबाई फाटकातच अडल्या. "झाडं बघायला पैसे? आणि ह्या पैशाचं करता काय रे?" तिकीट फाडणारा पोरगा हसून म्हणाला, "मालकांना विचारा, आजी." पुढे बाग बघितली, आंब्याखाली डबा खाल्ला, पोरं मनसोक्त हुंदडली. पण सासूबाईंचा प्रश्न आमच्यासोबत घरी आला. आम्ही पडलो बचत गटाच्या बायका. पैसा कुठून आला नि कुठं गेला हे कळल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. म्हणून खासगी बागा लोकांना तिकीट घेऊन दाखवायची रीत कशी पडली ते वाचायला घेतलं, आणि इंग्लंडातली एक गोष्ट हाती लागली. तिथे ह्या प्रश्नाला अगदी नेमकं उत्तर होतं. तिकिटाचा पैसा नर्सबाईंसाठी जायचा.

गोष्ट बागेत सुरू होत नाही, आजारपणात होते. लिव्हरपूल हे इंग्लंडमधलं मोठं बंदर. तिथे विल्यम रॅथबोन नावाचे एक सधन व्यापारी होते. त्यांची बायको आजारी पडली तेव्हा त्यांनी मेरी रॉबिन्सन नावाची नर्स घरी ठेवली. बायको १८५९ साली गेली. पण शेवटच्या दिवसांत ह्या नर्समुळे तिला किती आराम मिळाला ते त्यांनी पाहिलं होतं. आपल्यासारख्या भरल्या घरात एका नर्समुळे एवढा फरक पडतो, तर एका खोलीत सगळं कुटुंब राहतं तिथल्या आजारी माणसाचं काय, हा विचार त्यांना सोडेना. त्यांनी मेरीबाईंना तीन महिने पगारावर ठेवून गरिबांच्या वस्तीत घरोघर पाठवलं.

महिन्याभरात मेरीबाई रडत परत आल्या. हे दुःख बघवत नाही, मला मोकळं करा, म्हणाल्या. आपल्याकडच्या आशाताई हे ऐकत असतील तर त्यांना ते वेगळं समजावून सांगायला नको. रॅथबोन यांनी त्यांची समजूत घातली, ठरलेले तीन महिने तरी पुरे करा म्हणाले. ते पुरे होईपर्यंत आपल्या हातून माणसं उठून बसतात हे मेरीबाईंनी पाहिलं होतं. मग त्यांनी स्वतःच हे काम पुढं चालू ठेवायचं ठरवलं.

एका बाईनं शहर पुरं होणार नव्हतं, आणि शिकलेल्या नर्सच मिळेनात. रॅथबोन यांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना पत्र लिहिलं. त्यांचा सल्ला सरळ होता: नर्स मिळत नसतील तर आधी तयार करा. मग लिव्हरपूलच्या मोठ्या इस्पितळाला जोडून नर्सची शाळा निघाली, शहराचे १८ विभाग पाडले आणि प्रत्येक विभागात नर्सची सोय केली. घरोघर जाणाऱ्या नर्सची ही पद्धत पुढं देशभर पसरली.

आता पैसा. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला पन्नास वर्षं झाली, तेव्हा बायकांनी बायकांकडून वर्गणी जमवली. एका पेनीपासून एका पौंडापर्यंत, जिला जे जमेल ते. राणीच्या दिवंगत नवऱ्याचा पुतळा वगैरे होऊन ७० हजार पौंड उरले, ते राणीनं ह्या घरोघर जाणाऱ्या नर्सच्या कामाला दिले. त्यातून नर्सची मोठी संस्था उभी राहिली. पुतळ्यावरून उरलेले पैसे हो! आम्हाला विचारलं असतं तर क्रम उलटा लावला असता. पण असो, कामाला लागले हे महत्त्वाचं.

ह्या संस्थेला पाठबळ देणाऱ्या अलेक्झांड्रा राणी १९२५ साली वारल्या. त्यांच्या स्मरणार्थ निधी उभारायचा, म्हाताऱ्या झालेल्या नर्सना आधार द्यायचा आणि नव्या तयार करायच्या, असं ठरलं. पैसा कुठून आणायचा यावर विचार चालू असताना संस्थेच्या मंडळावरच्या एल्सी वॅग नावाच्या बाईंनी एक गोष्ट सुचवली. देशात एवढ्या सुंदर खासगी बागा आहेत, पण मालक आणि त्यांचे पाहुणे सोडून त्या कोणी बघत नाही. मालकांनी त्या लोकांना उघड्या कराव्यात, माणशी एक शिलिंग घ्यावं आणि तो पैसा नर्सच्या निधीला द्यावा.

१९२७ साली ६०९ बागा उघडल्या. राजाच्या खासगी मालकीची सँडरिंगहॅमची बागसुद्धा त्यांत होती. जमले ८,१९१ पौंड. एका पौंडाचे वीस शिलिंग. सगळा पैसा फाटकावरच जमला असं धरलं तर १ लाख ६३ हजार ८२० तिकिटं होतात, म्हणजे बागेमागे सरासरी २६९ माणसं. आमच्या गटात असा हिशेब मांडला की वहीत मान घालून बसलेल्या बायकाही वर बघतात. मोठा दाता एकही नाही, आणि तरी एवढी रक्कम!

शिलिंग म्हणजे किती ते आपल्या पैशात सांगतो. त्याच १९२७ साली सरकारनं रुपयाचा भाव दीड शिलिंग असा पक्का केला होता. म्हणजे एक शिलिंग झालं दहा आणे आठ पै. तिथल्या शेतमजुराला तेव्हा आठवड्याला तीस-बत्तीस शिलिंग मिळायचे. नवरा-बायकोनं बाग बघायची तर दोन शिलिंग. अगदीच न परवडणारं नाही, पण सहज उडवावं असंही नाही. ज्या घराच्या कुंपणाबाहेरून जन्मभर ये-जा केली, त्याच्या फाटकातून समोरून, हक्कानं, तिकीट काढून आत जायचं! पोरांना गुलाबाच्या ताटव्यांपर्यंत न्यायचं! आमच्या मते त्या शिलिंगाची निम्मी किंमत ह्यातच वसूल होत असेल. मालकांनी फार मोठा त्याग केला असं मात्र आम्ही म्हणणार नाही. वर्षातून एखाददुसरा दिवस फाटक उघडलं, एवढंच. बाग राखली ती माळ्यांनी.

एका वर्षासाठी म्हणून काढलेली ही टूम लोकांना इतकी आवडली की ती बंदच झाली नाही. १९३१ पर्यंत बागा हजारावर गेल्या. कुठली बाग कधी उघडी ते सांगणारं पुस्तक निघालं. पुढे त्याला पिवळं कव्हर आलं आणि लोक त्याला 'पिवळं पुस्तक' म्हणू लागले.

मग १९४८ साल आलं. तिथल्या सरकारनं आरोग्यसेवा सगळ्यांसाठी फुकट केली आणि घरोघर जाणाऱ्या नर्सही सरकारी व्यवस्थेत आल्या. ज्या कामासाठी बागा उघडत होत्या ते काम सरकारनं उचललं. हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. नर्सचा पगार बागेच्या तिकिटावर अवलंबून राहावा हे काही बरं नव्हे. पाऊस पडला, लोक आलेच नाहीत, तर? पण बागा बंद झाल्या नाहीत. निवृत्त नर्सची काळजी होतीच, तिकडे पैसा जात राहिला. काही वाटा जुन्या मोडकळीला आलेल्या बागा राखायला गेला. १९८०च्या दशकात कर्करोगाच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या नर्सकडे पैसा वळला. म्हणजे फिरून पुन्हा मेरीबाईंच्याच कामाकडे.

आज तीन हजारांहून अधिक बागा उघडतात, आणि सगळ्या काही वाड्यांच्या नाहीत. घरामागचं चार वाफ्यांचं परसही असतं. कुठं एका गल्लीतली सगळी घरं मिळून एकाच दिवशी दारं उघडतात. घरचे केक असतात, चहा असतो, बागेतलीच रोपं विकायला ठेवलेली असतात. चहा-केकचा गल्लासुद्धा चांगला भरतो म्हणे. ते आम्हाला लगेच पटलं.

हे सगळं आम्ही गटाच्या बैठकीत वाचून दाखवलं. आमच्यातल्या एकीच्या परसात सोनचाफा, मोगरा, अनंत असं सगळं आहे, आणि मोगरा फुलला की वाटेवरचं माणूस थांबतंच. उपकेंद्रात बीपी मोजायचं मशीन बंद पडलंय. एक रविवार, माणशी दहा रुपये, हिशेब फळ्यावर लिहायचा, असं ठरतंय. मशीन हे सरकारनंच द्यायला हवं, तो अर्ज आम्ही वेगळा केलाय. सासूबाई तिकिटाला बसायला तयार आहेत. चहाचे पैसे मात्र घ्यायचे की नाही यावरून अजून वाद चालू आहे. घरी आलेल्याकडून चहाचे पैसे कसे घ्यायचे, असं अर्ध्या जणींचं म्हणणं आहे.