जुन्या थिएटरचा शेवटचा शो गुरुवारीच का असतो?

१६ मे २०१९. दादर पूर्वेच्या चित्रा टॉकीजमध्ये त्या रात्री ‘स्टुडंट ऑफ द इयर २’चा शो संपला आणि थिएटर कायमचं बंद झालं. त्या दिवशी गुरुवार होता, आणि तो योगायोग नव्हता.

आपल्याकडे सिनेमाचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो आणि गुरुवारी रात्री संपतो. वितरकाशी करार आणि हिशोब आठवड्याच्या बोलीवर होतात. त्यामुळे थिएटर बंद करायचं ठरलं की मालक पुढच्या शुक्रवारचा सिनेमा घेत नाही. शेवटचा गुरुवार निघतो तो असा. पण थिएटर बंद पडण्याची कारणं त्याच्या बरीच वर्षं आधी सुरू झालेली असतात.

उपनगरात काय झालं?

जुहूचं ‘चंदन’ २०१७ मध्ये बंद झालं. अंधेरी पश्चिमेला एस. व्ही. रोडवर अंबर-ऑस्कर-मायनर ही तीन थिएटरं एकत्र होती. तिथे १९९१ साली ‘शॉपर्स स्टॉप’चं पहिलं दुकान उघडलं आणि आज ती थिएटरं नाहीत. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमध्येही एकपडदा थिएटरं एकेक करून कमी होत गेली.

गर्दी असूनही परवडत का नाही?

एक साधा हिशोब करू. समजा, थिएटरमध्ये ८०० खुर्च्या आहेत आणि दिवसाला ४ शो. म्हणजे रोज ३,२०० तिकिटं विकायला हवीत. एखाद्या मोठ्या सिनेमाचे पहिले तीन दिवस हाउसफुल्ल जातात. पण सोमवारपासून १० टक्केच लोक आले, तर तिकिटं विकली जातात ३२०. पंखे किंवा एसी, प्रोजेक्टर, साफसफाई, डोअरकीपरचा पगार हा खर्च मात्र फारसा कमी होत नाही.

मल्टिप्लेक्स तेवढ्याच खुर्च्या चार-पाच पडद्यांत वाटतं. एक सिनेमा पडला तर त्याला छोटा पडदा देता येतो आणि चाललेल्या सिनेमाचे शो वाढवता येतात. एकपडदा थिएटरला ही सोय नाही. सिनेमा पडला की अख्खा आठवडा पडतो.

वांद्र्याच्या गेईटी-गॅलक्सीने यावर स्वतःचा मार्ग काढला. १९७२ मध्ये सुरू झालेल्या या थिएटरच्या आवारात पुढे जेम, गॉसिपसारखे छोटे पडदे वाढवले गेले आणि एकूण सात पडदे झाले. पण त्यासाठी जागा आणि भांडवल लागतं.

सरकारी धोरणाचा वाटा किती?

२००१च्या सुमारास राज्य सरकारने नव्या मल्टिप्लेक्सना सुरुवातीच्या वर्षांत करमणूक करातून सवलत दिली. जुनी थिएटरं मात्र कर भरत राहिली. जुलै २०१७ मध्ये जीएसटी येण्याआधी मुंबईत या कराचा दर ४५ टक्क्यांपर्यंत होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के आणि त्याहून महाग तिकिटावर १८ टक्के जीएसटी लागतो. स्वस्त तिकीट विकणाऱ्या थिएटरला याचा फायदा आहे. मात्र तोपर्यंत बरीच थिएटरं बंद झाली होती.

मधल्या काळात कोरोना आला. मार्च २०२०च्या मध्यावर मुंबईतले सगळे पडदे बंद झाले. ते नोव्हेंबरमध्ये निम्म्या क्षमतेने उघडले, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाले आणि २२ ऑक्टोबर २०२१ला परत सुरू झाले. काही थिएटरं मात्र नंतर उघडलीच नाहीत. त्यांचा शेवटचा शो कधी झाला, हे तो पाहणाऱ्यांनाही कळलं नाही.

मग जागेचं काय होतं?

स्टेशनजवळचा मोठा भूखंड सिनेमापेक्षा इमारतीतून कितीतरी जास्त कमावून देतो. मात्र मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत अनेक वर्षांपासून एक अट आहे. थिएटर पाडून नवं बांधकाम करायचं, तर जुन्या आसनांच्या किमान एक तृतीयांश क्षमतेचं थिएटर तिथे ठेवावं लागतं. म्हणजे ९०० खुर्च्यांच्या जागी निदान ३००. ही अट काढावी अशी थिएटरमालकांची जुनी मागणी आहे. थिएटर चालत नाही म्हणूनच बंद केलं, मग पुन्हा बांधायचं कशाला, असा त्यांचा सवाल. दुसरी बाजू अशी की ही अट गेली, तर वस्तीतली करमणुकीची जागा कायमची जाईल.

नवं थिएटर झालं तरी तिथे जुना तिकीटदर मिळेल याची हमी हा नियम देत नाही. ऑपरेटर, डोअरकीपर आणि बुकिंग क्लार्कला तिथे पुन्हा काम मिळेल याचीही नाही.

तुमच्या भागातलं थिएटर पाडून तिथे निवासी प्रकल्प उभा राहत असेल, तर बाहेरच्या फलकावरचा महारेरा क्रमांक पाहा. महारेराच्या वेबसाइटवर तो टाकला की प्रकल्पाचे मंजूर नकाशे पाहता येतात. त्यात थिएटर दाखवलंय का, हे तिथेच कळेल.